पप्पांना घेऊन लेहला

नम्रता गमरेची चूक एवढीच, की तिने जेवताना तोंड उघडलं.

परळला जुनी चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या गमऱ्यांच्या घरात त्या दिवशी ओल्या बोंबलाचं कालवण होतं. पप्पा बातम्या बघत जेवत होते. त्यांचं लक्ष नाही असं बघून ती आईला हळूच म्हणाली, "जुलैमध्ये मी पंधरा दिवस नाहीये हां. लेहला चाललेय, रुचाबरोबर. ट्रेक आहे."

टीव्हीचा आवाज बंद झाला. बुधाजी गमरे टीव्ही दोनच कारणांनी बंद करत. कोणी वारल्याचा फोन आला तर, नाहीतर भाषण सुचलं तर.

"लेह म्हणजे ते लडाखातलं?"

"हो."

"तिथे सगळे बौद्ध."

"सगळे नाहीत हो पप्पा. मुसलमानही खूप आहेत. पण..."

"पिढ्यान्‌पिढ्यांचे बौद्ध," पप्पा म्हणाले आणि हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. "सुंदरा, आपण पण जायचं."

आईने मुकाट्याने कालवण वाढलं. या माणसाने घास खाली ठेवला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. नम्रताला मात्र चौतीस वर्षांची होऊनही ते कळलेलं नव्हतं. ती बोलत राहिली. तिथे हवा विरळ असते, तुम्हाला बीपी आहे, आईचे गुडघे दुखतात, मी तीन वर्षं या ट्रेकसाठी रजा साठवतेय. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विमान दादरवरून सोयीचं पडतं की विलेपार्ल्यावरून?"

पप्पांची हौस कुठून आली होती हे नम्रताला ठाऊक होतं, आणि त्यामुळेच तिला धड नाही म्हणता येईना. आजोबा, म्हणजे गुणाजी गमरे, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि दोन महिन्यांनी पप्पांचा जन्म झाला. बुधवारी झाला म्हणून आजीने बुधाजी नाव ठेवलं. पप्पा मात्र सगळ्यांना सांगत, बुद्धावरून ठेवलं. पुढे महापालिकेच्या पाणी खात्यात नोकरी लागली. तिथे एक साहेब कोणी नवीन आलं की ओळख करून द्यायचा, "हे आमचे गमरे, नवबौद्ध." त्यातला तो 'नव' पप्पांना जन्मभर टोचला. रिटायर झाल्यावर ते विहाराच्या समितीचे सचिव झाले, वाचन वाढलं, भाषणं वाढली. बारसं असो की शोकसभा, त्यांचं भाषण झाल्याशिवाय कोणाला चहा मिळत नसे.

रुचा नम्रताच्याच विमा कंपनीत होती, गिरगावात राहायची. तिला सांगताना नम्रता रडकुंडीला आली होती. रुचा म्हणाली, "अगं, येऊ दे ना काका-काकूंना! आपल्याला तसंही पहिले काही दिवस लेहमध्ये बसूनच काढायचेत, हवेची सवय व्हायला. तेवढे दिवस चौघं राहू. मग त्यांना विमानात बसवून देऊ आणि आपण सुटू मार्खा खोऱ्यात."

ऐकायला सोपं वाटलं. नम्रताने भावाला, बुद्धभूषणला डोंबिवलीला फोन केला, की निदान परतीच्या वेळी तू त्यांना दिल्लीपर्यंत घ्यायला ये. तो म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून मला टेन्शनच नाही." आणि फोन ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी पप्पा विहारातून आले ते दोघाजणांना घेऊन. दोघांनी मिळून बाबासाहेबांचा मोठा फ्रेम केलेला फोटो धरला होता. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वर सुतळी.

"हे काय?" नम्रताने विचारलं.

"समितीची भेट. तिथल्या गोन्पामध्ये, म्हणजे मठात, लावायला. बुद्धांच्या शेजारी."

"पप्पा, काच आहे! विमानात नेऊ देणार नाहीत."

"बाबासाहेबांना कोण अडवणार?"

बाबासाहेबांना कोणी अडवलं नाही. नम्रताला सगळ्यांनी अडवलं. मुंबईच्या विमानतळावर सुतळी सोडून दाखवावी लागली, दिल्लीला परत सोडावी लागली. हवाईसुंदरी म्हणाली, सीटखाली सरकवा. पप्पा ताडकन उभे राहिले. "पायाशी? बाबासाहेब पायाशी?" विमान निघायचं होतं, मागची माणसं ताटकळली होती. शेवटी कोणाच्या तरी बॅगा इकडेतिकडे करून फोटो डोक्यावरच्या कप्प्यात गेला. "वर चालेल," पप्पा म्हणाले आणि बसले. लेह येईपर्यंत दर थोड्या वेळाने ते नम्रताला कप्पा नीट बंद आहे का बघायला लावत होते. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर गेले. ते रुचाने बघितले.

लेहमध्ये त्यांनी गावाबाहेर एका घरातच खोल्या घेतल्या होत्या. मालकीण आंगमो, पन्नाशीची, गालांवर उन्हाचे लाल डाग, बोलताना प्रत्येक नावापुढे 'ले' लावून मान देणारी. अंगणात जर्दाळूची झाडं, आणि खिडकीतून पलीकडच्या टेकडीवरचा पांढराशुभ्र स्तूप दिसायचा. आंगमोने आल्या आल्या हिंदीत बजावलं, दोन दिवस फक्त झोपायचं, पाणी प्यायचं, जिना चढायचा तोही थांबत थांबत. नम्रताने तेच मराठीत सांगितलं. रुचाने परत एकदा प्रेमाने सांगितलं. आई गोधडीत शिरली ती शिरली.

"मी पाणी खात्यातला माणूस आहे," पप्पा म्हणाले. "टाक्यांवर चढण्यात आयुष्य गेलं माझं."

दुपारी तिघींचा डोळा लागला. नम्रता जागी झाली ती आंगमोच्या हाकेने. फाटकाशी एक टॅक्सी उभी होती आणि टॅक्सीतून दोन अनोळखी पंजाबी पर्यटक पप्पांना काखेत धरून उतरवत होते. ओठ निळसर, श्वास भात्यासारखा. पप्पा स्तूपाच्या पायऱ्या चढायला गेले होते. थेट, न थांबता. वरून खाली येताना अर्ध्यावर बसले ते उठेनात.

"दिसत होता ना समोर," पप्पा धापा टाकत म्हणाले. "म्हटलं... वंदना करून येऊ."

इस्पितळात डॉक्टरने छातीला नळी लावली, बोटाला चिमटा लावला, आणि म्हणाला, फुप्फुसात थोडं पाणी जमायला लागलंय, बरं झालं लवकर आणलंत. ऑक्सिजन, औषधं, पूर्ण विश्रांती. मी सांगेपर्यंत विमान नाही, आणि यांना एकटं सोडायचं नाही.

त्या 'एकटं सोडायचं नाही'मध्ये नम्रताचा ट्रेक गेला. आईला हिंदी 'कितने का दिया' एवढीच. भावाला फोन केला, तर त्याच्या ऑफिसात नेमकं ऑडिट निघालं. ट्रेकचा गट ठरल्या दिवशी निघणार होता, एका माणसासाठी थांबणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाहेर चहा प्यायला गेली आणि नम्रता पप्पांच्या पलंगाशी बसली. पप्पांच्या तोंडावर मास्क होता. म्हणजे त्यांना बोलता येत नव्हतं. अशी संधी जन्मात परत मिळायची नाही हे नम्रताला उमगलं आणि ती सुटली.

"दोन दिवस झोपा म्हटलं होतं! नुसतं झोपा! तान्ह्या पोराला जमतं ते तुम्हाला जमत नाही? तीन वर्षं मी रजा घेतली नाही, पप्पा. ताप असताना ऑफिसला गेलेय. एक गोष्ट, एकच, माझी म्हणून ठरवली होती, त्यात तुम्ही घुसलात. बरं घुसलात तर घुसलात, गप्प बसायचं! नाही. स्तूप दिसला, चला! उद्या समुद्र दिसला तर उडी माराल? आणि तो फोटो! काच फुटली असती तर मीच वाईट ठरले असते!"

पप्पा डोळे मोठे करून बघत होते. मास्कमध्ये वाफ जमत होती आणि जात होती. उत्तर देण्यासाठी त्यांनी हात मास्ककडे नेला. नम्रताने तो खाली दाबला.

"नाही. डॉक्टर म्हणालेत, काढायचा नाही."

पप्पांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने मास्कच्या आत ओठ हलायला लागले. ते त्रिशरण म्हणत होते. अडलं-नडलं की ते तेच म्हणत. सलाइन बदलायला आलेली नर्स, तिथलीच लडाखी पोरगी, खाली वाकून ऐकायला लागली.

"आप लोग बौद्ध हैं?" तिने विचारलं.

पप्पांनी मान हलवली.

"अच्छा. हम भी," ती म्हणाली, सलाइनचा थेंब नीट केला आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

पप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती परत येईल, काहीतरी अजून विचारेल म्हणून. ती आली नाही. नम्रताला कळलं ते कशाची वाट बघत होते. हा पुढचा प्रश्न तिलाही लहानपणापासून पाठ होता. शाळेत, क्लासला, ऑफिसातल्या डब्याच्या वेळी. 'बौद्ध म्हणजे... अच्छा अच्छा.' 'गमरे म्हणजे कुठले?' इथे तो आलाच नाही.

मास्क निघाल्यावर पप्पांचं पहिलं वाक्य तेच होतं. "पुढे काही विचारलंच नाही गं तिने." ट्रेकबद्दल अवाक्षर नाही. नम्रताला क्षणभर गलबलून आलं, आणि दुसऱ्याच क्षणी राग आला, की या माणसावर धड रागावताही येत नाही.

रुचा निघाली त्या सकाळी नम्रता तिला गाडीपर्यंत सोडायला गेली. रुचाच्या डोळ्यात पाणी. "मी पण रद्द करते ना," ती म्हणाली. नम्रता म्हणाली, "वेडी आहेस का? जा. आणि फोटो पाठवू नकोस." गाडी वळणाआड गेली. नम्रता परत आली तेव्हा पप्पा अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते आणि आंगमोला हिंदीतून पुणे करार समजावून देत होते. आंगमो जर्दाळू वाळत घालत होती.

डॉक्टरांनी गाडीने जवळपास फिरायला परवानगी दिली, त्याच दिवशी पप्पांनी फोटो बाहेर काढला. नम्रताने टॅक्सी ठरवली. गाव ओलांडून थोडं पुढे, टेकडीच्या कुशीत एक जुना गोन्पा होता. गाडी थेट दारापर्यंत जायची, हाच त्याचा मोठा गुण.

आत प्रार्थना चालू होती. दोन्ही बाजूंना रांगेत लाल वस्त्रातले लामा, मोठे ढोल, लांबलचक कर्णे, तुपाचे दिवे. अंधारात सगळं हलत होतं. आई हात जोडून दाराशीच बसली. पप्पाही बसले, पण नम्रताचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. ते ऐकत होते आणि त्यांना त्यातलं एक अक्षर ओळखीचं लागत नव्हतं.

"पालीत नाहीये हे," ते कुजबुजले.

"तिबेटी असेल. पप्पा, प्लीज."

"मूळ पालीत आहे. यांना कोणीतरी सांगायला पाहिजे."

ढोल थांबले. लामांनी चहाच्या वाट्या पुढे ओढल्या. तेवढी शांतता पप्पांना पुरली. शोकसभेत लावतात तसा खणखणीत आवाज लावून त्यांनी सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि!" लहान लामांच्या रांगेत खसखस पिकली. एकाच्या नाकातून चहा आला. नम्रताला वाटलं, ही जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पप्पा तिन्ही वेळा पूर्ण म्हणून थांबले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या लामाने शांतपणे वाटी खाली ठेवली, मान लववली आणि हाताने खूण केली, थांबा, प्रार्थना झाल्यावर येतो.

तो लामा थुपस्तन. हिंदी चांगलं बोलायचा. त्याने त्यांना सगळं दाखवलं, आणि पप्पांनी प्रत्येक ठिकाणी वाद घातला. कोपऱ्यात एक काळीनिळी मूर्ती होती, अनेक हातांची, कवट्यांचा मुकुट घातलेली.

"ये कौन?" पप्पांनी विचारलं.

"रक्षक."

"बुद्ध को रक्षक कायको चाहिए?"

"बुद्ध को नहीं चाहिए," लामा हसला. "हम को चाहिए."

पप्पांना ते पटलं नाही. बुद्ध देव नव्हते, माणूस होते, हे त्यांनी लामाला सांगितलं. लामा म्हणाला, बरोबर. भूतपिशाच्च नसतं, हे सांगितलं. लामा म्हणाला, असेलही, नसेलही. पप्पांना समोरचा भांडत नाही याचाच जास्त राग यायला लागला. शेवटी फोटोवरची चादर निघाली. लामाने दोन्ही हातांनी फोटो घेतला, कपाळाला लावला. मग अवघडून म्हणाला, मुख्य सभागृहात काही ठेवायचं तर मोठ्या गुरूंना विचारावं लागतं, ते दक्षिणेत गेलेत. पण आमच्या शाळेच्या वर्गात लावतो, पोरं रोज बघतील.

"वर्गात?" पप्पांचा आवाज चढला. "फळ्याशेजारी?"

"पप्पा, शाळाच तर आहे! बाबासाहेबांना शाळेपेक्षा काय आवडलं असतं?"

"तू मध्ये बोलू नकोस. समितीने बुद्धांच्या शेजारी म्हणून दिलाय." त्यांनी फोटो परत चादरीत गुंडाळायला घेतला. तेवढ्यात त्यांची नजर बाहेर गेली. भिंतीला लागून प्रार्थनेच्या पितळी चाकांची लांब रांग होती आणि आई एकेक चाक हाताने फिरवत सावकाश चालली होती. चाकं करकरत होती. तिच्या चेहऱ्यावर जत्रेतल्या मुलीसारखा आनंद होता.

"सुंदरा!" पप्पा ओरडले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना तू? कर्मकांड करतेस?"

आई थांबली. चाकावरचा हात तिने काढला नाही.

"प्रतिज्ञा मला तुमच्याआधी पाठ झाल्या," ती म्हणाली. "त्यात चाक फिरवू नको असं कुठे नाही. आणि बाबासाहेब मला ओरडले नसते. तुम्हीच ओरडता. घरी ओरडता, विहारात ओरडता, आता इथे एवढ्या लांब येऊन ओरडता. माझे कान किटले."

आणि तिने ते चाक फिरवलं. मग पुढचं. मग वळून नम्रताला म्हणाली, "चल गो, वर जाऊन येऊ. यांना बसू दे भांडत."

गोन्पाच्या मागून एक पायवाट वर जात होती, कडेला मंत्र कोरलेल्या दगडांची बुटकी भिंत. आई चार पावलं चालायची, थांबायची, परत चार पावलं. साडीचा काष्टा मारलेला, पायात बाटाची चप्पल. नम्रताच्या मनात अजून सगळं खदखदत होतं. ती तावातावाने बोलत होती, बघितलंस ना कसे वागले, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, रुचा आत्ता कुठल्या कुठे पोचली असेल. वरच्या वळणावर पोचल्यावर आई दगडावर बसली. खाली सिंधू नदी, काठाने हिरवे तुकडे, बाकी सगळा उघडा डोंगर, आणि पलीकडे बर्फ.

"किती बरं वाटतं," आई म्हणाली. "कोणी बोलत नाही."

नम्रताही तिच्या शेजारी टेकली. बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "तुझा तो ट्रेक म्हणजे असंच असतं? चालायचं, बसायचं?"

"असंच. दिवसभर."

"आणि स्वैपाक?"

"दुसरे करतात."

आईने मान हलवली, जणू एखाद्या परक्या देशातला कायदा ऐकला.

फोटो परत आला. पप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आंगमोने चादरीतलं ते बोचकं बघून विचारलं, हे काय सारखं नेता-आणता? पप्पांनी उघडून दाखवलं. "अरे, ये तो संविधानवाले हैं," आंगमो म्हणाली. "स्कूल की किताब में थे." तिने विचारलं न विचारलं करून फोटो उचलला आणि आपल्या स्वयंपाकघरात नेला. ते स्वयंपाकघर म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खोली. मधे चूल, भिंतीभर तांब्यापितळेची भांडी मांडलेली, वरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि त्यांच्या गुरूंचे फोटो. आंगमोने दोन डेग बाजूला सरकवले, फोटो मूर्तीच्या शेजारी टेकवला, त्यावर मानाचा पांढरा रेशमी शेला, खताग, घातला आणि समोर धूप लावला.

"नहीं नहीं!" पप्पा धावले. "पूजा नहीं! बाबासाहेब बोले थे, मेरा पूजा मत करो!"

आंगमो गोंधळून नम्रताकडे बघायला लागली. आणि नम्रताचा बांध फुटला.

"पप्पा, चौदा एप्रिलला आपण काय करतो? हार घालत नाही? मेणबत्त्या लावत नाही? अगरबत्ती कोण आणतं, तुम्हीच ना, लालबागच्या त्या दुकानातून, तीही चंदनाचीच पाहिजे म्हणून? तुम्हाला बुद्धांच्या शेजारी हवा होता. हे बघा बुद्ध. हे बघा शेजारी. आता अजून काय हवंय?"

पप्पांनी फळीकडे बघितलं. आंगमोने त्यांच्यापुढे चहाची वाटी ठेवली, लोण्याची, खारट. पप्पांनी एक घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की आईला हसू आवरेना. "याच्यापेक्षा आपला टपरीवरचा बरा," पप्पा म्हणाले. पण वाटी त्यांनी संपवली. आणि आंगमोने परत भरली तेव्हा नको म्हणाले नाहीत.

ते मुंबईला उतरले त्याच्या पुढच्या रविवारी विहारात कार्यक्रम होता. 'हिमालयातील धम्म: एक अनुभव'. वक्ते, बुधाजी गमरे. नम्रताला जायचं नव्हतं. रुचा ट्रेकहून परतली होती, नाकावरची कातडी सोललेली, आणि तिने वचन मोडून फोटो पाठवले होते. ते बघून नम्रताचं डोकं आधीच फिरलं होतं. पण आई म्हणाली, "चल. नाहीतर घरी येऊन आपल्याला परत ऐकवतील."

पप्पा तासभर बोलले. त्यांच्या भाषणात गोन्पातल्या लामांनी त्यांच्यामागोमाग त्रिशरण म्हटलं. एका विद्वान लामाशी झालेल्या चर्चेत लामा निरुत्तर झाले. इस्पितळ आलं ते फक्त नर्सपुरतं. "तिने विचारलं, बौद्ध? मी म्हटलं, हो. आणि मंडळी, तिने पुढे काहीही विचारलं नाही." इथे ते खरंच थांबले. सभेत म्हातारी माणसं होती, म्युनिसिपालिटीतली, गिरणीतली, पोस्टातली. कोणी हललं नाही. नम्रतालाही क्षणभर वाटलं, उगाच आपण एवढं चिडलो.

मग पप्पा म्हणाले, "म्हणून समितीच्या वतीने मी जाहीर करतो. पुढच्या जुलैमध्ये आपण सगळे लेहला जायचं. धम्म सहल! पन्नास जण. विमान, हॉटेल, गाड्या, सगळी व्यवस्था माझी कन्या नम्रता करणार आहे."

टाळ्या पडल्या. माना मागे वळल्या. शेजारच्या नलूमावशीने लगेच हात धरला, "माझं नाव घे हां, आणि खालचा बर्थ."

नम्रता उभी राहिली. आपण उभ्या राहिलोय हे तिला उभं राहिल्यावर कळलं.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

टाळ्या अर्धवट विरल्या. पप्पांनी माइक कानाशी नेल्यासारखा केला. "काय म्हणालीस?"

"मी नाही करणार, पप्पा. पुढच्या जुलैमध्ये मी ट्रेकला जाणार आहे. लेहला सगळ्यांनी जा, जरूर जा, चांगलंय. पण मी नाही. व्यवस्था तुम्ही करा. तुम्हाला आता सगळी माहिती आहे."

कोणीतरी खोकलं. पप्पा म्हणाले, "या विषयावर घरी बोलू." नम्रता म्हणाली, "घरीपण हेच सांगणार आहे," आणि खाली बसली. आईने पदराआडून तिची मांडी थोपटली.

पप्पांनी अबोला धरला. अबोला म्हणजे ते नम्रताशी बोलत नसत, पण तिला ऐकू जाईल असं फोनवर इतरांशी बोलत. ट्रॅव्हलवाल्याला फोन, दुसऱ्या ट्रॅव्हलवाल्याला फोन. "हॅलो! लेह! ले-ह! नाही हो, लेण्या नाही. लेण्या आम्हाला इथे कान्हेरीला आहेत!" नम्रता आतल्या खोलीत दात-ओठ खात ऐकायची. एक फोन घ्यावा आणि दोन मिनिटांत सगळं उरकून द्यावं असं तिचे हात शिवशिवायचे. पण ती गेली नाही. त्या आठवड्यात पप्पांनी चार जणांशी भांडण केलं आणि एकाशी जमवलं. तो निघाला भायखळ्याचा राहुल नावाचा पोरगा, जो पप्पांना 'काका, तुम्ही बोला, मी ऐकतो' म्हणायचा. नम्रताला त्या राहुलची दया आली.

शनिवारी ती दादरला निघाली, बूट बघायला. जुने झिजले होते. लिफ्टपाशी मागून चपलांचा आवाज आला. आई पिशवी घेऊन तयार होती.

"भाजी आणायचीय?" नम्रताने विचारलं.

"नाही. तुझ्या ट्रेकला साडी चालते का गो?"

नम्रता बघतच राहिली. "नाही चालत."

"मग काय घालतात?"

"आई, सात दिवस चालायचं असतं. गुडघे..."

"हळू चालेन. तिकडे चालले ना? तूच धापा टाकत होतीस. बोलून बोलून." आई लिफ्टचं बटण दाबत म्हणाली. "नाहीतर जाईन त्या पन्नास जणांबरोबर, आणि ऐकेन भाषण."

तीन वर्षं ज्या ट्रेकची वाट बघितली, त्यात आता आई. रुचाला काय सांगणार? सात दिवस, आईची गोळ्यांची पेटी, आईचे पापड, 'स्वेटर घाल गो'. नम्रताने कपाळावर हात मारून घेतला. पण तोंडातून नाही निघेना, आणि निघत नाही याचीच तिला चीड आली. विहारात एवढ्या माणसांसमोर निघालं होतं की!

"आधी डॉक्टरला दाखवायचं," ती शेवटी म्हणाली. "ते म्हणाले तरच. आणि इथे रोज चालायची सवय करायची. जिन्याने."

"बरं."

"आणि मी सांगेन तेच ऐकायचं."

"बघू," आई म्हणाली.

दादरच्या दुकानात विक्रेत्याने खोकी काढली. आईने आयुष्यात पहिल्यांदा लेसचे बूट घातले. साडी घोट्यापर्यंत उचलून ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वळली, परत आली. पाय आपटून बघितले. आरशात फक्त पाय दिसत होते, ते तिने वाकून बघितले.

नम्रताचा फोन वाजला. पप्पा. आठवडाभरात पहिल्यांदा.

"साखरेचा डबा कुठे आहे, विचार तिला," पप्पा तुटकपणे म्हणाले.

नम्रताने फोन आईपुढे धरला. आई बूट न्याहाळत होती. "त्यांना म्हणावं, शोधा," ती म्हणाली, आणि विक्रेत्याला विचारलं, "याच्यात लाल रंग आहे का?"